अम्मी, सॅरासिन म्हणजे कोण?

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. मी आठवीच्या घटक चाचणीचे मराठीचे पेपर तपासत होते. समोर माझी लेक बी. ए.च्या इंग्रजीची तयारी करत बसली होती. विषय होता मध्ययुगीन इंग्रजी साहित्य. हातात गाइड, कानात पेन खोचलेलं. मधेच तिने विचारलं,

"अम्मी, ये सॅरासिन कोन लोगां थे?"

मी पेपरातून डोकं वर न काढताच म्हटलं, "अपनच."

आमच्या दखनीतला हा 'च' मराठीने दिलेला आहे. उत्तर भारतातल्या पाहुण्यांना तो ऐकून हसू येतं, आम्हाला त्याच्याशिवाय बोलता येत नाही. अपनच म्हणजे आपणच. लेकीला वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी लाल पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की मध्ययुगात युरोपातले लोक आधी अरबांना आणि पुढे सरसकट सगळ्या मुसलमानांना सॅरासिन म्हणायचे. ती पुन्हा पुस्तकात बघू लागली. म्हणाली, "पर इसमें तो वो बुतां पूजते!"

तिचं बरोबर होतं. इंग्रजी रोमान्समधले मुसलमान मूर्तिपूजक असतात. लढाई हरले की आपल्याच देवांच्या मूर्ती फोडतात, त्यांना शिव्या देतात. या देवांची नावं ठरलेली आहेत. एक अपोलो या ग्रीक देवावरून घेतलेलं. दुसरं टर्मगंट, जे कुठून आलं ते कुठल्याच मुसलमानाला सांगता येणार नाही. आणि तिसरं लिहिताना हात अडखळतो, पण लिहिते: आपल्या हजरत पैगंबरांचं (स.) नाव मोडून-तोडून केलेलं. ज्यांनी काब्यातल्या मूर्ती हटवल्या, त्यांचीच मूर्ती या कथाकारांनी कल्पनेत घडवली. जुन्या इंग्रजीत मूर्तीला जो एक सर्वसाधारण शब्द रूढ झाला, तोसुद्धा याच नावावरून. आणि टर्मगंट? शब्दकोश उघडून बघा. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ आहे कजाग, भांडखोर बाई. आमच्या माथी मारलेला एक खोटा देव शेवटी बायकांच्या माथी मारला गेला. मुसलमान आणि बाई, दोन्ही असल्यामुळे मला हे वाचून आधी हसू आलं. नंतर नाही आलं.

या कथांची आणि माझी ओळख बी. एड.च्या वर्षातली. कॉलेजच्या ग्रंथालयात राजा आर्थरच्या कथांची मुलांसाठी केलेली जुनी आवृत्ती होती. गोल टेबल, दगडातली तलवार, शब्दाला जागणारे नाइट. पाठ टाचण लिहायचं सोडून मी ती वाचत बसायची. पुढे जमेल तशी मूळ कथांची भाषांतरं आणि त्या काळाचा इतिहास वाचला. त्यामुळे गाइडमध्ये शिव्हलरीची व्याख्या "शौर्य, स्वामिनिष्ठा, स्त्रीदाक्षिण्य आणि दुर्बलांचे रक्षण" एवढ्या चार शब्दांत उरकलेली दिसली, तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

शिव्हलरी या शब्दाच्या मुळाशी घोडा आहे. फ्रेंचमध्ये घोडा म्हणजे शव्हाल, त्यावर बसणारा तो शव्हालिए. अरबीतही नेमकं असंच आहे. फरस म्हणजे घोडा, फारिस म्हणजे घोडेस्वार आणि त्याची विद्या, त्याचा बाणा म्हणजे फुरुसिय्या. दोन्हीकडे मोठेपणाचा शब्द घोड्यावरूनच आला. कारण लढाईचा घोडा, चिलखत, भाला, सोबतचा नोकर हे सगळं ज्याला परवडतं तोच नाइट. म्हणजे ही आधी ऐपतीची गोष्ट होती, नीतीची नंतर झाली.

आणि ही नीती कुणासाठी होती? १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत इंग्लंडच्या राजपुत्राने, ज्याला पुढे ब्लॅक प्रिन्स म्हणू लागले, फ्रान्सच्या राजाला कैद केलं. त्या रात्री त्याने स्वतः उभं राहून कैदी राजाला जेवण वाढलं, असं फ्रुआसार हा बखरकार सांगतो. हे शिव्हलरीचं आदर्श उदाहरण म्हणून दिलं जातं. पण याच राजपुत्राची फौज आदल्याच वर्षी बोर्दोपासून नार्बोनपर्यंत गावं, गोठे आणि पिकं जाळत गेली होती. त्या गावकऱ्यांना कुणी वाढलं नाही. राजाची मात्र पुढे तीस लाख सोन्याच्या नाण्यांची खंडणी ठरली. नाइट जिवंत पकडला तर पैसे मिळतात, शेतकरी जिवंत ठेवून काय मिळणार? दाक्षिण्याच्या आत असा हिशेब होता.

घरच्या शेतकऱ्यांचं वेगळं नव्हतं. १३४८ मध्ये प्लेग इंग्लंडमध्ये पोचला आणि माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. हात कमी झाले, म्हणून उरलेल्या मजुरांनी जास्त मजुरी मागितली. १३५१ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला की मजुरी प्लेगच्या आधीच्याच दराने घ्यायची. वर डोईपट्टी बसवली. १३८१ मध्ये शेतकरी आणि कारागीर उठले, लंडनमध्ये शिरले. उठाव चिरडला गेला. इंग्रजी रोमान्समधल्या काही सर्वोत्तम कथा याच दशकांतल्या आहेत. त्यांत नांगर धरणारा माणूस शोधून पाहा. महाल आहेत, शिकारी आहेत, पक्वान्नांच्या याद्या आहेत. ते अन्न पिकवणारा जवळपास कुठेच नाही.

खुद्द आर्थरच्या कथा इंग्रजीत एकत्र बांधणारा टॉमस मॅलरी. त्याच्या पुस्तकात नाइट दरवर्षी शपथ घेतात: खून करणार नाही, दयेची भीक मागणाऱ्याला दया दाखवू, स्त्रीवर कधी जबरदस्ती करणार नाही. बहुतेक अभ्यासक ज्याला हा लेखक मानतात, त्या वॉरिकशायरच्या सरदारावर दरोडा, खंडणी, गुरं पळवणं आणि बलात्कार असे आरोप होते. खटल्याचा निकाल कधी लागला नाही, पण अनेक वर्षं तुरुंगात गेली. पुस्तकातही तो स्वतःला कैदी म्हणवतो. कॅक्स्टनने १४८५ मध्ये ते छापलं. मला यात नुसता ढोंगीपणा दिसत नाही. शपथ घ्यावी लागते ती जिथे रोज गुन्हा घडतो तिथेच. वर्गात ज्या भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं असतं, त्या वर्गात काय चालतं हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असतं.

लेक म्हणाली, हे ठीक आहे, पण सॅरासिनचं सांग.

मग मी तिला हॅम्प्टनच्या बेव्हिसची गोष्ट सांगितली. सात वर्षांच्या बेव्हिसला त्याची सख्खी आई परदेशी व्यापाऱ्यांना विकायला लावते. तो एर्मिन नावाच्या सॅरासिन राजाच्या दरबारी वाढतो. हे राज्य म्हणजे आर्मेनिया. प्रत्यक्षात आर्मेनिया इंग्लंडच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती होता, पण कथाकाराला त्याची फिकीर नाही. पूर्वेकडचा म्हणजे सॅरासिन. राजकन्या जोसियन बेव्हिसच्या प्रेमात पडते, त्याच्यासाठी स्वतःचा धर्म सोडायला तयार होते. बाई मोठी खमकी. एक उमराव जबरदस्तीने तिच्याशी लग्न लावतो, तर पहिल्याच रात्री ती त्याचा गळा आवळते. लेकीला ती फार आवडली. ॲस्कोपार्ट नावाचा राक्षसही आवडला. त्याचा बाप्तिस्मा करायला जातात, तर तो म्हणतो मी या कुंडात मावत नाही, आणि बाहेर उडी मारतो. सगळ्या कथेत धर्म बदलायला नकार देऊनही वाचकाला हसवणारा तो एकटाच.

पण सगळंच हसण्यासारखं नाही. 'किंग ऑफ टार्स' या कथेत दमास्कसचा सुलतान ख्रिस्ती राजकन्येशी लग्न करतो. मूल जन्मतं ते हातपाय, डोळे-नाक काही नसलेला मांसाचा गोळा. सुलतानाचे देव काही करू शकत नाहीत. बाप्तिस्म्याचं पाणी पडताच गोळ्याचं सुंदर बाळ होतं. मग सुलतानही बाप्तिस्मा घेतो आणि त्याची काळी कातडी गोरी होते. रिचर्ड राजावरच्या इंग्रजी रोमान्समध्ये तर आजारी राजाला डुकराचं मांस हवं असतं. ते मिळत नाही, म्हणून आचारी त्याला एका सॅरासिन तरुणाचं मांस शिजवून खाऊ घालतात. कळल्यावर राजा हसतो आणि पुढे सलाहुद्दीनच्या वकिलांपुढे शिजवलेली मुंडकी वाढायला लावतो. कथाकाराला हे शौर्य वाटतं.

लेक गप्प झाली. मग तिने विचारलं, या कथा ऐकणाऱ्यांनी कधी मुसलमान बघितला होता का?

हाच प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. यातल्या बऱ्याच कथा ज्या हस्तलिखितात एकत्र मिळतात, ते १३३० च्या दशकात लंडनमध्ये तयार झालं. तेव्हा इंग्लंडमध्ये मुसलमान वस्ती नव्हती. ज्यूंनाही १२९० मध्येच देशाबाहेर घालवलेलं. वरच्या वर्गात अजून फ्रेंचचा मान होता. इंग्रजीत ऐकणारे, इंग्रजीत वाचणारे 'आपण कोण' हे नव्याने ठरवत होते. 'आपण कोण' हे सांगायला वेळ लागतो. 'आपण कोण नाही' हे पटकन सांगता येतं. त्यासाठी सॅरासिन कामाला आला. तो समोर नव्हता म्हणूनच त्याला हवा तसा रंगवता आला.

मॅलरीच्या पुस्तकात मात्र एक सॅरासिन माणसासारखा आहे. पॅलोमायडिस. उत्तम लढवय्या, ट्रिस्ट्रमच्या तोडीचा. त्याच इसोल्डवर त्याचं प्रेम आहे आणि ते कधी सफल होणार नाही हे त्याला माहीत आहे. मनाने तो ख्रिस्ती झालेला आहे, पण ठरावीक लढाया केल्याशिवाय बाप्तिस्मा घ्यायचा नाही असा त्याचा नवस. तोवर तो सगळ्यांच्यात आहे आणि नाहीही. शेवटी बाप्तिस्मा होतो तेव्हाच तो पुरता आपला ठरतो.

पॅलोमायडिस वाचताना मला आमची स्टाफ रूम आठवते. फार वर्षांपूर्वीची, मी तेव्हा दुसऱ्या शाळेत होते. निबंध स्पर्धेच्या कार्यक्रमात मी मराठीतून सूत्रसंचालन केलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मनापासून शाबासकी दिली: "मॅडम, तुमचं मराठी ऐकून तुम्ही मुसलमान आहात असं वाटतच नाही." त्यांच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. मी "थँक्यू सर" म्हणाले. घरी येईपर्यंत ते थँक्यू मला टोचत राहिलं. मराठी चांगलं बोलायला मला कुठल्या कुंडातून बाहेर यावं लागलं नव्हतं. ती माझ्या आजीच्या बाजारहाटाची भाषा होती.

हे लेकीला सांगितलं, तर ती चिडली. "तो फिर मैं ये पढूं कायकू?"

इथे मी तिला माझ्या नानांची गोष्ट सांगितली. नानांकडे 'दास्तान-ए-अमीर हमजा'ची जुनी प्रत होती, पानं पिवळी पडलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात बाजेवर बसून ते वाचायचे, आम्ही पोरं खाली चटईवर. अमीर हमजा शूर, अमर अय्यार चलाख. आणि समोरचे? बुतपरस्त, जादूगार, खोट्या खुदाला सजदा करणारे. हरले की दीन कबूल करायचा, नाहीतर मान खाली. परधर्मी बादशहाच्या शहजाद्या आमच्या नायकांच्या प्रेमात पडायच्या. मुंडकी उडाली की आम्ही टाळ्या पिटायचो. मीही पिटायची. गल्लीच्या तोंडाशी राहणारी माझी मैत्रीण कधी कधी माझ्याशेजारी चटईवर असायची. तिच्या घरात देव्हारा होता. 'बुतपरस्त' या शब्दाला तिला काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. इंग्लंडमधल्या श्रोत्यांनी निदान सॅरासिन पाहिला तरी नव्हता. माझी मैत्रीण तर मांडीला मांडी लावून बसलेली होती.

दास्तानीतले ते जादूगार म्हणजे कुणी खरे शेजारी नव्हेत, हे मला कळतं. त्या दास्तानीचे जाडजूड खंड लखनौला छापून घराघरांत पोचवणारे मुन्शी नवल किशोर स्वतः हिंदू होते, आणि हिंदू-मुसलमान दोघेही ती चवीने ऐकायचे, हेही खरं. पण हीच सवलत मी बेव्हिसच्या कथाकाराला देत नव्हते. तिथे मला द्वेष दिसत होता आणि इथे फक्त गंमत. हा दुजाभाव त्या रात्री, लेकीसमोर बोलता बोलता माझ्या लक्षात आला.

म्हणून शेवटी मी तिला सर गवेनची गोष्ट वाचायला सांगितली. तिची एकच हस्तलिखित प्रत शिल्लक आहे. ज्या ग्रंथसंग्रहात ती होती, त्याला १७३१ मध्ये आग लागली, तरी ती वाचली. गवेनच्या ढालीवर सद्गुणांचा पंचकोन आहे. तो हिरव्या नाइटच्या कुऱ्हाडीखाली मान द्यायला निघतो. वाटेत एक बाई त्याला हिरवा पट्टा देते, हा बांधलास तर मरण येणार नाही म्हणते. यजमानाशी करार असतो की दिवसभरात मिळालेलं सगळं एकमेकांना द्यायचं. गवेन बाकी सगळं देतो, पट्टा लपवतो. मरणाला भितो, बस्स. त्याच्या मानेवर शिक्षा म्हणून एक ओरखडा उठतो. तो परत येतो तो पट्टा सगळ्यांना दिसेल असा बांधून, आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगत. दरबार हसतो, आणि सगळेच तसा पट्टा बांधू लागतात.

शिव्हलरीच्या सगळ्या कथांत मला ही खरी वाटते. तिच्यात दुसऱ्याचं मुंडकं उडवून नायक मोठा होत नाही, स्वतःची लबाडी कबूल करून होतो.

"पर पेपर में क्या लिखूं?" लेकीने विचारलं. दहा मार्कांचा प्रश्न होता.

मी म्हटलं, गाइडमधले चार शब्द लिही, मार्क त्यालाच आहेत. मग एक परिच्छेद तुझा लिही: हे दाक्षिण्य कुणाला मिळालं आणि कुणाला नाही. शेतकरी लिही, जोसियन लिही, पॅलोमायडिस लिही. मार्क गेले तर जाऊ देत.

तिने वहीत नवं पान घेतलं. मी लाल पेन उचललं. पुढच्या पेपरात एका पोराने 'शत्रू' या शब्दाचा वाक्यात उपयोग केला होता. वाक्य व्याकरणाने अगदी बरोबर होतं. नियमाप्रमाणे मी पूर्ण गुण दिले आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: "उद्या मला भेट, या वाक्याबद्दल बोलू."