इगतपुरीचे दहा दिवस

मैत्रिणींनो, कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला येते, तेव्हा आपलं मन कुठे असतं? घरीच! दूध कोण तापवील, डबे कोण भरील? इथल्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. पहाटे चारला घंटा होते. मौन असते, वाचन-लेखनही बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष ठेवायचे. सोपं वाटतं ना? पण मन क्षणात स्वयंपाकघरात पळतं! त्याला न रागावता परत आणायचं, हाच अभ्यास. घरी परतल्यावर मुलीचं बोलणं मी पुरतं ऐकू लागले. आणि राहून गेलेलं एम.ए. करायचंच, हेही स्वच्छ उमगलं. दहा दिवस जमत नसतील, तर आज पोळ्या लाटताना नुसती पोळीच पाहा बरं!