मुलाचा वकील

नाटक वाचताना आपण कोणत्या पात्राच्या शेजारी जाऊन बसतो, यावरून माणसाचे वय ओळखावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कॉलेजात असताना पीटर शॅफर यांचे ‘फाइव्ह फिंगर एक्सरसाइज’ हाती आले, तेव्हा मी धावत जाऊन क्लाइव्हच्या शेजारी बसलो होतो.

नाटक १९५८ चे. लंडनला ते बसवले जॉन गिलगुड यांनी. हॅरिंग्टन नावाचे एक खाऊनपिऊन सुखी कुटुंब. बाप स्टॅन्ली फर्निचरचा कारखानदार, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. आई लुईझ कलासक्त. निदान तसे दिसण्याची तिला भारी हौस! एकोणीस वर्षांचा क्लाइव्ह या दोघांच्या रस्सीखेचीत सापडलेला. धाकटीला शिकवायला वॉल्टर नावाचा जर्मन तरुण घरात येतो. लुईझचा जीव त्याच्यात गुंतू लागतो, आणि हा भाबडा तिच्यात आई पाहतो! ती दुखावते. मत्सराने पेटलेला क्लाइव्ह बापाजवळ दोघांविषयी खोटेच काहीतरी सांगतो. शेवटी वॉल्टर गॅस सोडून जीव द्यायला निघतो, आणि बंद दाराआड ग्रामोफोनची तबकडी अडकून तेच ते वाजत राहते.

त्याच सुमारास अर्नेस्ट जोन्स यांचे हॅम्लेटवरचे १९४९ चे पुस्तक वाचनात आले. हे फ्रॉइडचे शिष्य. हॅम्लेट सूड घ्यायला कचरतो, कारण चुलत्याने जे केले तेच त्याच्याही मनाच्या तळघरात दडलेले असते, हा त्यांचा सिद्धान्त. झाले! मला किल्लीच सापडली. ती मी क्लाइव्हला लावली आणि मग घरी येऊन नानांना लावली. एका संध्याकाळी मी त्यांना सरळ सांगितले, “नाना, तुम्हाला माझा मत्सर वाटतो.” नानांनी वर्तमानपत्र खाली केले आणि म्हणाले, “चहा निवतोय तुझा.” पुढे आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतेच बोलले.

पुढे हॅरॉल्ड पिंटर यांचे १९६५ चे ‘द होमकमिंग’ वाचले. त्याचा शेवट आठवतो ना? थोरल्याची बायको रूथ खुर्चीत बसली आहे, धाकट्याने तिच्या मांडीवर डोके ठेवले आहे, आणि म्हातारा मॅक्स गुडघ्यांवर रांगत तिच्याकडे मुका मागतो आहे. मार्टिन एस्लिन यांनी यात मुलांचे स्वप्न पाहिले: आई तरुण होऊन परत आली आणि बाप जमिनीवर आला. वाचन मोठे चतुर आहे. पण मला जाणवते ते असे, की मनोविश्लेषणाची ही मंडळी बहुधा मुलाचेच वकीलपत्र घेतात. स्टॅन्लीला, मॅक्सला कोण विचारतो?

मी आता साहजिकच स्टॅन्लीच्या शेजारी बसतो. मुलगा पुण्याला असतो. गेले काही महिने तो एका समुपदेशकाकडे जातो. गेल्या रविवारी त्याचा फोन आला, “बाबा, पुढच्या वेळी तुम्हीपण याल का? थोडं बोलायचंय, तिथेच.” मी “हो” म्हटले आणि रात्रभर मनात माझी बाजू मांडत बसलो. त्याच्या शाळेची फी, त्याची इंजिनियरिंगची वर्षे, सगळे पुरावे गोळा केले.

पहाटे एकदम ईडिपसचीच मूळ कथा आठवली. फ्रॉइडने मुलाचा अपराध सांगितला खरा. पण त्याच्या कितीतरी आधी लेयसने भविष्यवाणीला भिऊन तान्ह्या पोराचे पाय टोचले होते आणि त्याला डोंगरावर टाकायला धाडले होते. पहिली भीती बापाची! चित्रकला सोड म्हणून मी याला दहावीत दटावले होते, रंगांची पेटी माळ्यावर टाकली होती. ती मी पुराव्यांत धरलीच नव्हती.

पेटी माळ्यावरून काढली आहे. रंग पार वाळून गेले आहेत. गुरुवारी साडेचारची वेळ आहे. सौ. म्हणते, निळा शर्ट घाला. जणू मी मुलगीच पाहायला निघालो आहे.