एका दिवसाचे पॅरिस

लंडनहून सकाळच्या गाडीने पॅरिसला जाऊन रात्री लंडनला परतता येते, हे आम्हा उभयतांना आजवर केवळ माहिती म्हणून ठाऊक होते. स्वतःचे रेल्वेस्थानकही नसलेल्या टेंभुर्णीत राहून मराठी शिकवणाऱ्या दोघा प्राध्यापकांवर त्या माहितीचा बेत करण्याची वेळ सहसा येत नाही. या उन्हाळी सुट्टीत लंडनच्या भाचीकडे दहा दिवस जायचे ठरले आणि त्यातला एक दिवस पॅरिससाठी काढावा काय, हा प्रश्न आमच्या घरात मुक्कामालाच आला.

आमच्या भागात परगावी निघालेला माणूस आधी शेवटची एसटी विचारतो आणि तिथून मागे मोजत येतो. आम्हीही तसेच केले. युरोस्टार ही समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी गाडी १९९४ साली सुरू झाली. २००७ पासून ती लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून सुटते आणि साधारण सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसला पोचते. पॅरिसचे घड्याळ एक तास पुढे. म्हणजे सातला निघालो तर तिथे साडेदहाच्या आतबाहेर पोचणार. जाताना हरवलेला तास परतताना मिळतो खरा, पण तो लंडनात, रात्री, काही उपयोगाचा नसताना. परतीची गाडी आठची धरली, तपासणीसाठी तासभर आधी स्थानकात हजर राहायचे म्हटले, तर हाती उरतात जेमतेम आठ तास. तिकिटे कित्येक महिने आधी काढली तर स्वस्त. दिवस जवळ येईल तसा दर चढत जातो.

परंतु तिकिटाच्याही आधी उभा राहतो तो व्हिसा. ब्रिटन शेंगेन करारात नसल्यामुळे भारतीय पारपत्रावर लंडनसाठी एक आणि पॅरिससाठी दुसरा, असे दोन परवाने लागतात. शेंगेन व्हिसाचे शुल्क २०२४ पासून माणशी ९० युरो आहे; आठ तास राहा वा पंधरा दिवस, शुल्क तेच. पगाराचे दाखले, बँकेचे उतारे, महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र ही सारी जमवाजमव कशासाठी, तर आम्ही परत येऊ हे पटवून देण्यासाठी. वारकऱ्यांत परतवारीलाही स्थान आहे, पण ती करणारे थोडे आणि तिचा पुरावा कोणी मागत नाही. येथे मात्र जाण्यापूर्वीच परतवारी सिद्ध करावयाची! दोन पगारांच्या घरालाही हा एका दिवसाचा खर्च सहज पेलणारा नाही. त्यामुळे ‘एका दिवसात काय पाहणार?’ हा प्रश्न आम्हाला परवडेल की नाही, याचाच झाला.

आमच्यापैकी एकाला लूव्हर पाहायचे होते, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की, रांगेत निम्मा दिवस घालवून उरलेल्या निम्म्यात धावतपळत चित्रे पाहण्यापेक्षा न गेलेले बरे. पु. लं.ची ‘अपूर्वाई’ (१९६०) वर्गात शिकवताना आम्हीच सांगत आलो आहोत की, प्रवासवर्णनाला गावात रेंगाळणारा माणूस लागतो. मग आठ तासांच्या माणसाने काय करावे?

याचे उत्तर घरातच होते. आमच्या आईंनी कुर्डुवाडीहून अडीच फुटी रुळांच्या बार्शी लाइट रेल्वेने अनेक वाऱ्या केल्या. लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची ही गाडी १९०६ साली पंढरपूरला पोचली होती. आषाढीच्या गर्दीत विठोबाच्या पायांपर्यंतची बारी आईंना दरवेळी साधली असे नाही. आमचा वाद ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, “कळस दिसला की वारी पोचली. सगळं देऊळ कशाला बघाया पायजे?”

तेव्हापासून बेताला आकार आला. स्थानकापासून लोकल गाडीने दोन थांब्यांवर साँ-मिशेल आहे. तिथून नदीकाठाने निघायचे. १५ एप्रिल २०१९च्या आगीत कोसळलेला नोत्र-दामचा लाकडी मनोरा पुन्हा उभा राहिला आहे आणि डिसेंबर २०२४मध्ये मंदिरही उघडले आहे. तो मनोरा पुलावरूनच पाहायचा. आत जायला मिळाले तर ठीक. त्यानंतर सेनच्या कठड्यावर हिरव्या पेट्यांतून जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे एक पुस्तक विचारायचे. फादर दलरी या जेझुइट अभ्यासकाने केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ साली पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने काढला. विठोबाच्या संप्रदायावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुढे १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापला. तो आमच्या पिढीने संदर्भासाठी वापरला, पण फ्रेंच तुकोबा आम्ही कधी हातात घेतलेला नाही. आम्हाला फ्रेंच येत नाही. तरीही आपल्या मुलखातला कवी त्या गावच्या लिपीत कसा दिसतो, हे पाहण्याची ओढ आम्हाला लूव्हरपेक्षा अधिक वाटते.

पुस्तक मिळेलच असे नाही. न मिळाले तरी पेट्यांमागून पेट्या चाळत गेलेली दुपार वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. लूव्हरचा आग्रह धरणाऱ्यानेही आता एवढीच अट घातली आहे की, नदीपलीकडून निदान त्याची लांबलचक भिंत तरी दाखवावी. ती अट मान्य झाली आहे. व्हिसाचे अर्ज या आठवड्यात भरावयाचे आहेत. प्रवासाचा हेतू विचारणाऱ्या रकान्यात ‘पर्यटन’ असे लिहू. त्याहून नेमका शब्द आमच्याकडे आहे, पण तो तिथे समजावा कसा?