कार्बनची चाकं आणि होडीच्या आकाराचं हाड

परवा ओपीडी संपता संपता एक तरुण पेशंट आला. कंटेनर यार्डात नोकरी, वय तिशीच्या आत, औषधाची एक गोळीही चालू नाही. काय होतंय विचारलं, तर खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "डॉक्टर, ही चाकं मागवू का? तुमच्याकडे अशीच आहेत ना?"

पडद्यावर काळीभोर, ५० मिलिमीटर खोल रिमची कार्बनची चाकं होती. खाली किंमत आणि चार शब्द: हलकी, मजबूत, वेगवान, मोफत डिलिव्हरी. मी म्हटलं, "बस जरा." त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. कारण त्यात चाकांइतकंच मनगटाबद्दलही आहे, आणि मनगट सायकल न चालवणाऱ्यांनाही असतं.

आधी मी ती चाकं का घेतली, ते. आम्हा मोऱ्याच्या सायकलवाल्यांचा एक नेहमीचा रस्ता आहे, केगाव, नागाव, करंजा आणि परत. कधी रविवारी लाँचवर सायकल चढवून भाऊच्या धक्क्याला उतरतो आणि दक्षिण मुंबईत फिरून येतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, पण त्यावर सायकलला बंदी, त्यामुळे आमचं लाँचशिवाय चालत नाही. आणि लाँच म्हटली की ओहोटी आली. पाणी उतरलं की गाळामुळे लाँच जेट्टीला लागत नाही, आणि माणसं भरतीची वाट बघत बसतात. अशाच एका रविवारी, धक्क्यावर बसल्या बसल्या, मी ऑर्डर टाकली. वेळ काढायला दुसरं काही असतं तर कदाचित टाकली नसती.

परदेशी नावाजलेल्या कंपन्यांची कार्बन चाकं लाख-दीड लाखापासून सुरू होतात. मी मागवलेली थेट चीनमधून, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून त्रेपन्न हजारांना पडली. माझी जुनी अ‍ॅल्युमिनियमची चाकं जवळपास १९०० ग्रॅमची होती, ही १४८० ची. म्हणजे ४२० ग्रॅम कमी. हा आकडा मी महिनाभर ज्याला त्याला सांगत होतो. मग एके दिवशी क्लिनिकच्या वजनकाट्यावर उभा राहिलो. माझं वजन ८२ किलो. सायकल, पाण्याची बाटली, हेल्मेट, बूट धरून एकूण ९३ च्या आसपास. त्यात ४२० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्काही नाही. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घरी ठेवली असती तर त्याहून जास्त वजन उतरलं असतं, तेही फुकट. आणि पोटावरच्या सहा किलोंबद्दल मी रोज वीस पेशंटना उपदेश करतो, ते माझे सहा किलो तसेच होते.

खोल रिमचा खरा उपयोग वजनात नसून हवा कापण्यात आहे, हे मान्य. सपाट रस्त्यावर वेग वाढला की बहुतेक ताकद हवेशी झगडण्यात जाते. पण त्या हवेचा मोठा भाग अडवतं ते स्वाराचं अंग. चाकं थोडाच वाचवतात. आमच्या गतीला फरक सेकंदांचा. चाकांचा आवाज मात्र सुरेख येतो, ते कबूल करतो.

त्या खोल रिमला खाडीवरचा आडवा वारा लागला की पुढचं चाक हिसका देतं. शेजारून कंटेनरचा ट्रेलर गेला तर दोन हिसके, एक त्याच्या तोंडाचा आणि एक शेपटीचा. आमच्या भागात ट्रेलर किती, हे उरणच्या माणसाला सांगायला नको. ज्यांना समुद्राकाठी चालवायचं आहे त्यांनी, घ्यायचीच असली, तर कमी खोल रिम घ्यावी.

आता स्वस्त म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. मोठ्या नावांची बरीच कार्बन चाकंही चीन-तैवानमध्येच बनतात. फरक असतो तो तपासणीत, आणि उद्या काही झालं तर उत्तर द्यायला कोण आहे यात. मी पेशंटना सांगतो की औषध घेताना स्ट्रिपवर बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी बघा. माझ्या चाकांवर एक स्टिकर होता आणि त्यावर एक वेगवान चित्त्याचं चित्र होतं. किती वजनापर्यंत चालतील, टायरमध्ये हवा किती भरायची, काही नाही. पेशंटने असं औषध आणलं असतं तर मी ते कचऱ्यात टाकायला लावलं असतं.

हवेचं प्रकरण गंभीर आहे म्हणून थांबून सांगतो. हल्ली बऱ्याच कार्बन रिम हुकलेस असतात, म्हणजे टायरची कड अडकवून धरणारी आतली पाळ त्यांना नसते. अशा रिममध्ये ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही आणि टायरही हुकलेस रिमला चालणारंच हवं. आम्ही जुने लोक सवयीने १०० भरतो. तसं केलं तर टायर रिमवरून उडू शकतं, तेही चालत्या सायकलवर. आणि ज्यांच्या सायकलला रिम ब्रेक आहेत, डिस्क नाहीत, त्यांनी स्वस्त कार्बनच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. अ‍ॅल्युमिनियम उष्णता पटकन सोडतं, कार्बन सोडत नाही. पसरणीसारखा घाट ब्रेक दाबत उतरलात तर रिम तापते, कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन मऊ पडू शकतं आणि रिमचा आकार बिघडतो.

समुद्राकाठचं आणखी एक दुखणं मला पहिल्या पावसाळ्यानंतर कळलं. स्पोक जिथे रिमला बसतात तिथल्या निपलवर पांढरी भुकटी जमली होती. मेकॅनिकने एक निपल फिरवायला घेतली, ती चक्क तुटून हातात आली. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारट ओल असली, की तिथे बॅटरीसारखी क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आमच्याकडे हाडाला प्लेट बसवताना स्टीलची प्लेट आणि टायटॅनियमचे स्क्रू असं मिसळू नये म्हणतात, त्यामागचं कारण हेच. शरीरातलं पाणीही खारटच. एवढं शिकलेला माणूस मी, पण चाकं मागवताना निपल पितळेच्या हव्यात हे सुचलं नाही.

मागच्या नोव्हेंबरात, पहाटे साडेपाचच्या सुमारास, एका सर्व्हिस रोडवर अंधारात खड्डा दिसला नाही. पुढचं चाक आदळलं आणि मी उजव्या तळव्यावर पडलो. पडताना आपण हात पुढे करतोच, तो मेंदूचा हुकूम असतो. हेल्मेट घासलं गेलं, गुडघा सोलला. उठून आधी चाक फिरवून पाहिलं. सरळ फिरत होतं. मग मनगट फिरवून पाहिलं. तेही फिरत होतं. दुखत होतं, पण सूज फारशी नव्हती. चाकाकडे आधी पाहिलं, हे लक्षात ठेवा.

दुपारी एक्स-रे काढला. नॉर्मल. माझ्या हाडांच्या डॉक्टर मित्राने तरीही स्प्लिंट लावला आणि बजावलं की दहा दिवसांनी परत ये. चौथ्या दिवशी मी स्प्लिंट काढून ठेवला, कारण तो घालून पेशंटचं बीपी बघता येईना. नवव्या दिवशी, मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून, सायकल घेऊन करंज्याला गेलो. त्याच चाकांवर.

परतताना पुढून बारीक 'टिक टिक' ऐकू येऊ लागलं. घरी येऊन रिमवर नाण्याने ठोकत गेलो. धड कार्बनचा आवाज खणखणीत येतो, आतून सुटलेल्या जागी तो बोदा येतो. छातीवर बोटाने ठोकून फुप्फुस तपासायची आमची पद्धत अशीच आहे. ती १७६१ मध्ये जगापुढे मांडणारा ऑस्ट्रियाचा डॉक्टर औएनब्रुगर खानावळवाल्याचा मुलगा होता. पिंपात दारू किती उरली ते ठोकून ओळखतात, हे त्याने घरी पाहिलेलं. माझ्या रिमचा आवाज दोन स्पोकच्या मध्ये बदलला. टायर आणि आतली टेप काढली, तर स्पोकच्या भोकापासून निघालेली केसासारखी चीर. बाहेरून काहीच नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम आदळली की बहुधा वाकते, आपल्याला दिसते. कार्बन आतून तडकूनही वरून जसंच्या तसं दिसू शकतं.

हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने समजावत होतो. तिने लोणच्याची बरणी पुढे केली. "हे उघडा." उजव्या हाताने झाकण फिरवायला गेलो आणि डोळ्यांत पाणी आलं. "पेशंटना हेच सांगता का? नऊ दिवसांत सायकलवर बसा म्हणून?"

अंगठा वर ताणलात की मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूला, एक खळगा पडतो. जुने लोक तपकिरीची चिमूट त्यात ठेवून ओढत, म्हणून आमच्या पुस्तकातही त्याचं नाव तपकिरीच्या डबीवरूनच आहे. या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्या ग्रीक नावाचा अर्थ होडीसारखं. तळव्यावर पडल्यावर मनगटातल्या लहान हाडांपैकी सगळ्यात जास्त मोडतं ते हेच, विशेषतः तरुणांचं. आणि ते फसवं असतं. सूज कमी, हात हलतो, पहिल्या एक्स-रेत चीर कधी कधी दिसतच नाही. दहा ते चौदा दिवसांनी कडा स्पष्ट होतात आणि मग दिसते, किंवा आधीच एमआरआय केला तर कळते. म्हणून खळग्यात दाबून दुखत असेल, तर पहिला एक्स-रे नॉर्मल असला तरी मनगट बांधून ठेवायचं आणि पुन्हा तपासायचं. 'मुरगळलंय, तेल लावून चोळा' हा सल्ला इथे घातक आहे. कारण या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि ते उलट मनगटाकडे वाहत जातं. मधोमध मोडलं की मनगटाकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही, काही वेळा तो तुकडा मरतो, आणि पुढे कायमची सांधेदुखी मागे लागते.

मी स्वतःचा खळगा दाबला. मग मित्राला फोन केला. त्याने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एमआरआयमध्ये हाडाच्या मध्यभागी चीर होती, सुदैवाने तुकडे जागेवरून हलले नव्हते. आठ आठवडे प्लास्टर. डाव्या हाताने प्रिस्क्रिप्शन लिहिणारा डॉक्टर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. केमिस्टने तक्रार केली नाही, म्हणाला, नेहमीसारखंच आहे.

चाकं विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर सभ्य होतं: आदळल्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, नवीन रिमवर तीस टक्के सूट देऊ. त्यांच्या जागी ते बरोबरच होते. मी घेतली नाही.

हेल्मेटही टाकून दिलं. आतलं थर्माकोलसारखं फोम एकदा दबलं की दुसऱ्यांदा धक्का शोषत नाही, मग वरून कितीही चांगलं दिसो. नवीन घेताना आत ईएन १०७८ हा सायकलच्या हेल्मेटचा युरोपियन मानकाचा शिक्का पाहून घेतलं.

हे सगळं ऐकून आमचा यार्डवाला तरुण गप्प झाला. मी त्याला म्हटलं, चाकं हवी असतील तर भारतात दुकान असलेल्याकडून घे, जिथे परत घेऊन जाता येईल. वजनाची मर्यादा आणि हवेचा आकडा लेखी माग, निपल पितळेच्या माग. आणि त्याआधी पुढे-मागे चांगला लाइट आणि चांगलं टायर घे, ते तीन-चार हजारांत होतं. तो म्हणाला, "विचार करतो." विचार म्हणजे तो मागवणार, हे मला कळतं. मीही असाच विचार केला होता.

दारापर्यंत जाऊन तो वळला. "डॉक्टर, तुमचं मागचं चाक तर चांगलं आहे ना? ते विकणार का? स्वस्तात द्या."

मागचं चाक गच्चीच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं आहे. सरळ फिरतं, ओरखडाही नाही. मी त्याला म्हटलं, त्याची टेप मी अजून काढून पाहिलेली नाही. रविवारी भरती सकाळी असेल तर लाँचला जायच्या आधी घरी ये, एक नाणं घेऊन.