शेवटची पाच पावले

भालाफेक पाहणारे बहुतेकजण हाताकडे पाहतात. भाला हातात असतो, तेव्हा त्यांचेही बरोबरच आहे. या हंगामात मला मात्र तीन महिने फक्त पाय पाहावे लागले. फुटबॉल खेळताना डावा गुडघा दुखावला, एम.आय. रूममधून 'नो गेम्स'ची चिठ्ठी मिळाली आणि पी.टी. उस्तादांनी माझ्या हातात भाल्याऐवजी मोजपट्टी आणि चुन्याचा डबा दिला. बारावीचे वर्ष, शेवटची इंटर हाऊस स्पर्धा, आणि मी रनवेच्या कडेला स्टुलावर! काम एकच. माझ्या जागी उतरणाऱ्या ज्युनियरची पावले मोजायची.

हा ज्युनियर दहावीचा, बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यातला. खांदा असा की पाहत राहावे. खोटे कशाला बोलू, पहिले आठ दिवस मला त्याचा हेवाच वाटला. ७०० ग्रॅमचा भाला तो उभ्याने ३४ मीटर फेकायचा. पण पूर्ण धाव घेऊन? ३६. एवढे लांबून पळत येऊन पदरात २ मीटर! उस्ताद म्हणाले, "यह दौड़ नहीं, सैर है."

धाव कुठे वाया जात होती ते स्टुलावरून स्पष्ट दिसत होते. सुरुवात झकास, पण भाला मागे नेण्याची वेळ आली की गडी हळू व्हायचा, जवळजवळ थांबायचा आणि मग नुसत्या हाताच्या जोरावर फेकायचा. म्हणजे उभ्यानेच फेकल्यासारखे. जगातले अव्वल भालाफेकपटू शेवटच्या पावलांत सेकंदाला साधारण ६ मीटर वेगाने येतात. हे काही फार नाही, १०० मीटर धावणारा त्याहून कितीतरी जोरात पळतो. खरी गंमत पुढे आहे. तो वेग डाव्या पायावर एकदम अडवायचा. गुडघा ताठ, टाच आधी टेकलेली. सायकलच्या पुढच्या चाकात काठी अडकली तर बसणारा जसा पुढे फेकला जातो, तसे कंबर, छाती, खांदा, कोपर आणि शेवटी भाला असे एकामागून एक पुढे येते. डावा गुडघा वाकला की सगळा वेग जमिनीत जिरला. आणि वेगच नसेल तर अडवायचे तरी काय?

म्हणून आम्ही भाला बाजूला ठेवला. दहा दिवस फक्त पावले. आधी आठ सरळ, भाला डोक्याच्या उंचीवर, खांदे सैल. आठव्याला डावा पाय चुन्याच्या खुणेवर. मग दोन पावलांत हात मागे जातो, डावा खांदा फेकीच्या दिशेला येतो आणि भाल्याचे टोक भुवईजवळ राहते. हात मागे 'नेायचा' नाही, तो जिथे आहे तिथे ठेवून शरीराने पुढे निघून जायचे. हे वाक्य उस्तादांचे. मला ते कळायला एक हंगाम लागला होता, ज्युनियरला तीन दिवस. त्यापुढे क्रॉस स्टेप: उजवा पाय डाव्याच्या पुढून ओलांडतो.

इथे एक अडचण आली, आणि ती फक्त आपल्यासारख्या शाळेत येऊ शकते. पाचवी-सहावीपासून आमच्या पायांना ड्रिलची सवय. 'तेज चल' म्हटले की मिनिटाला १२० कदम, सगळे सारखे, छाती समोर. भाल्याची शेवटची पावले नेमकी उलटी. खांदे आडवे आणि ताल विषम. डाव्या पायाने ढकलून एक लांब, बसके पाऊल, उजवा टेकतो न टेकतो तोच डावा खाली. लांब, मग पटकन दोन. ज्युनियर ती दोन टेकणी परेडसारखी मोकळी मोकळी टाकायचा. उजवा पाय टेकल्यावर डावा हवेत रेंगाळला की शरीर पुढे झुकते, मग अडवायला काही उरत नाही.

समजावून थकलो. मग मला लेझीम आठवले. आमच्या कराडकडच्या जिल्हा परिषद शाळेत २६ जानेवारीला हलगीवर लेझीम असायचे, आणि तिथे पाय मोजायचे नसतात, ऐकायचे असतात. मी चुन्याच्या डब्यावर मोजपट्टी वाजवायला सुरुवात केली: छन्… छनछन. छन्… छनछन. पूर्णियाच्या मुलाने लेझीम कधी पाहिलेले नाही. पण चौथ्या-पाचव्या वेळेस पाय तालात पडले आणि तो वळून म्हणाला, "भैया, पैर अपने आप चला!" त्या रात्री प्रेपमध्ये तो डेस्कवर बोटांनी तेच वाजवत होता आणि हाऊस मास्टरांची बोलणी खात होता.

राहिला फाऊलचा प्रश्न. वेग वाढला की जागा जास्त लागते. फेकीनंतर तोल सावरायला उजव्या पायाचे एक पाऊल पुढे पडते आणि ते रेषेच्या आतच हवे. नीरज चोप्राला पाहा. टोकियोत २०२१ साली ८७.५८ मीटरचे सुवर्ण घेताना असो की एरवी, फेकल्यावर तो अनेकदा पुढे हातांवर पडतो. त्यामुळे त्याला रेषेआधी बरीच जागा सोडावी लागते, आणि फेक तर रेषेपासून मोजतात. तो मोठा माणूस, त्याला परवडते. आम्ही ज्युनियरची सुरुवातीची खूण आधी एक पाऊल मागे नेली, मग दवामुळे गवत ओले असले की अर्धे पाऊल आणखी मागे. सकाळचे आणि दुपारचे माप वेगळे निघते, हे मला स्टुलावर बसेपर्यंत ठाऊक नव्हते.

स्पर्धेच्या दिवशी पहिली फेक ३८.७०. दुसरी फाऊल, चार बोटांनी. तिसऱ्या वेळी मी रनवेपासून दूर, दोरीपलीकडे होतो. डबा वाजवायला परवानगी नव्हती. तरी ती दोन टेकणी मला तिथून ऐकू आली, जवळजवळ एकच आवाज. भाला खाली उतरला तो ४१.६० वर. दुसरा क्रमांक. पहिला आलेल्या दुसऱ्या हाऊसच्या कॅप्टनने ४४ टाकले होते, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

आता पुढच्या महिन्यात इंटर स्कूल आहे आणि तिथला रनवे सिंथेटिक. गवतावरचे माप तिथे चालणार नाही, पाऊल लांब पडते. आदल्या संध्याकाळी पोहोचल्याबरोबर पुन्हा मोजावे लागेल. माझी चिठ्ठी तोपर्यंत संपेल, पण उस्तादांनी पहिला महिना फक्त उभ्याने फेकायचे असे बजावले आहे. मोजपट्टी बॅगेत भरून ठेवली आहे. डबा ज्युनियरने स्वतःच्या सामानात टाकलाय.