माहूरची लेणी

मुलांनो, सागाच्या वाळलेल्या पानांवरून तुम्ही कधी चाललात का? मी लातूरचा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर नांदेड जिल्ह्यातील माहूरला गेलो. किल्ला पाहिला. मग एका तरुण वाटाड्याबरोबर जंगलातून पांडवलेण्यांकडे निघालो. उन्हाळ्यात साग पाने गाळतो. त्या पानांखालचे खड्डे दिसत नाहीत. माझा पाय घसरला, गुडघा चांगलाच खरचटला.

"आजोबा, परत जाऊ या का?" त्याने विचारले.

मी कसला ऐकतो! मग तो काठीने पाने बाजूला सारीत पुढे चालू लागला.

लेण्यात अंधार होता. मी घाईने आत निघालो. त्याने मला अडवले. "डोळ्यांना दिसेपर्यंत थांबा." हळूहळू खडकातच कोरलेले जाड खांब दिसू लागले. मी एका खांबाला हात लावला. तो गार होता.

परत येताना मी त्याचा खांदा धरला.