कवट्यांच्या नादी लागलो!

एवढीशी कवटी! जेमतेम दोन सेंटिमीटरची. गव्हाणी घुबडानं ओकलेली केसाळ गोळी कोमट पाण्यात भिजवली, चिमट्यानं उकलली आणि ही निघाली. नारिंगी पटाशीचे दात, गालाचं हाड इतकं बारीक की जवळ श्वास सोडायची भीती वाटावी. कुणाची म्हणून पुस्तक उघडलं, तर घरउंदराची! आणि मग वाचतच सुटलो!

एकच घरउंदीर, पण जागोजागी कवटी निराळी! अटलांटिकमधली फेरो बेटं बघा. नोल्सोय बेट राजधानी तोर्शाव्हनच्या अगदी समोर, तरी तिथल्या उंदरांना प्राणिशास्त्रज्ञांनी वेगळ्या उपजातीचं नाव दिलं. मिकिनेस बेटावरच्यांना आणखी वेगळं. माणसांच्या होड्यांतून उतरलेले मूठभर उंदीर. त्यांच्यात योगायोगानं जे गुण होते, तेच पुढच्या पिढ्यांचं भांडवल.

आणि मोजतात कसं, ते तर ऐकाच. कवटीच्या फोटोवर ठरावीक जागी ठिपके द्यायचे: हाडांचे सांधे, दाढांच्या कडा, जबड्याचा कोन. मग संगणक सगळ्या कवट्या एका मापाच्या करतो, फिरवून एकमेकींवर बसवतो. लहानमोठेपणा बाजूला पडतो, उरतो निव्वळ आकार. या रीतीला नाव प्रोक्रस्टीसचं, म्हणजे पाहुण्याला आपल्या खाटेच्या मापात बसवायला ताणणाऱ्या नाहीतर छाटणाऱ्या ग्रीक दरोडेखोराचं! शास्त्रज्ञांना विनोदाचं वावडं असतं म्हणे.

केर्गेलेनचं वाचलं तेव्हा मात्र खुर्चीतून उठलोच. दक्षिण हिंदी महासागरातली ही फ्रेंच बेटं. सीलच्या शिकाऱ्यांच्या जहाजांतून एकोणिसाव्या शतकात उंदीर इथं पोचले. ना शेत, ना कोठार. मिळतील त्या बिया आणि किडेमकोडे खायचे. इथल्या गियू बेटावरचे ससे १९९०च्या दशकात संपवले. झाडोरा बदलला, उंदरांचं खाणं बदललं आणि जबड्याचा आकारसुद्धा! लाखो वर्षं नाही हो, विसेक वर्षांच्या आत!

स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डाचे घरउंदीर मात्र गेले. १९३० मध्ये शेवटचे ३६ रहिवासी बेट सोडून निघाले, घरं रिकामी पडली आणि थोड्याच काळात घरउंदीर संपले. रानउंदीर तगले, ते आजही आहेत. घरउंदरांच्या कवट्या आता बघायच्या तर संग्रहालयांचे खणच उघडायला हवेत. कोण उघडून देईल, ते शोधायला मी लागलोय!